गजराबाईच्या रानातलं मीठ

छावणी

संभाजीनगरात पोचल्यावर मी पहिलं काम केलं ते दूध नासवण्याचं. गाडीतून उतरून छावणी भागातल्या भाचीच्या खोलीवर आले. ती आंघोळीला गेली तेव्हा म्हटलं, तेवढ्यात चहा टाकावा. ओट्याखाली दोन पिंपं होती, हाताला लागलं त्यातलं पाणी घेतलं. दूध ओतल्याबरोबर चहा फाटला आणि पातेल्यात दह्याचे गोळे तरंगायला लागले. दूध शिळं असेल म्हणून मी दुसरी पिशवी फोडली. तीही फाटली. तेवढ्यात घरमालकीण शमीमआपा वर आल्या, पातेल्यात डोकावल्या आणि हसायलाच लागल्या.

"मावशी, वो बोअरका पानी है, बर्तन धोनेका. उसमें चाय नक्को टाकू. प्यायचं पाणी त्या निळ्या पिंपात, टँकरचं."

मग त्यांनीच खालून कडक चहा आणून दिला, सोबत खारी. "आमच्या घरात दोन पाणी आहेत," त्या म्हणाल्या. "एक खारं, एक महाग."

मी खाडीकाठची बाई. खाऱ्या पाण्याशी माझं लहानपणापासून नातं, घराच्या मागच्या पायरीला भरतीचं पाणी लागतं. पण समुद्र जिथून दहा जिल्ह्यांपलीकडे वाटतो अशा या पठारावर पाणी खारट निघावं, हे काही माझ्या डोक्यात शिरेना. मृणालला विचारलं. मृणाल म्हणजे ही माझी भाची. शेतीसंशोधनाच्या एका केंद्रात नोकरीला आहे, आणि पाण्याचा ताण आणि मिठाचा ताण पिकं कशी सोसतात हा तिचा विषय. गौरी-गणपती आटोपले, भात पोटरीला आलं, चार दिवस मोकळे होते, म्हणून "नुसतं काय ते फोनवर सांगतेस, येऊनच बघते" म्हणत मी निघाले होते.

"बोअर जेवढं खोल, तेवढं दगडातलं विरघळलेलं मीठ जास्त," ती म्हणाली. "पाऊस असला की वरचं गोडं पाणी त्यात मिसळतं. दोन वर्षं पाऊस नाही. खाली उरलंय ते हे असं."

गच्चीवर तिने कुंड्या मांडल्या होत्या. एका रांगेला पाणी अगदी बेताचं, दुसऱ्या रांगेला मुबलक पण मचूळ. तहानलेल्या रांगेतली ज्वारी कळत होती, बारीक झालेली, खालची पानं वाळलेली. पण दुसऱ्या रांगेची माती ओलीचिंब, आणि रोपं मात्र तशीच खुरटलेली. पानांच्या कडा भाजल्यासारख्या तपकिरी.

"पाण्यात उभं आहे आणि तहानलंय?" मी म्हटलं.

"काकडी चोचवून मीठ लावतेस तेव्हा काय होतं?"

"पाणी सुटतं."

"तेच. मीठ बाहेर जास्त असलं की मुळाला पाणी ओढताच येत नाही, उलट मुळातलंच बाहेर जायला बघतं. आणि जे मीठ आत जातंच, ते ही रोपं खालच्या जुन्या पानांत नेऊन साठवतात. ती पानं करपतात, गळतात. पण मधला कोंब वाचतो."

म्हातारी पानं कोंबाचं दुखणं अंगावर घेतात हे ऐकून मला उगाचच भरून आलं. आमच्या घरात माझ्या सासूबाईंनी जन्मभर दुसरं काय केलं होतं.

गच्चीच्या कठड्यावरून चहूकडे क्रेन दिसत होत्या. शमीमआपा म्हणाल्या, त्या लहान असताना इथून थेट डोंगर दिसायचा. आता डोंगराच्या आणि गच्चीच्या मधे इमारतीच इमारती आहेत, आणि प्रत्येक इमारतीच्या पायथ्याशी एक टँकर उभा. संध्याकाळी त्यांनी नान-खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा, खायला घातला. माशाच्या आठवणीनं व्याकूळ झालेल्या माझ्या जिभेची त्यांनी चांगली समजूत घातली, एवढं लिहिलंच पाहिजे.

देवगाव रंगारीच्या वाटेवर

दुसऱ्या दिवशी मृणालला देवगाव रंगारीजवळच्या एका वस्तीवर जायचं होतं. मी शेपटासारखी मागे. काळीपिवळी जीपमध्ये चार माणसांच्या जागेत आम्ही सात जणी बसलो, आणि कोणीच कुरकुरलं नाही. कोकणात एवढ्यात दोन भांडणं झाली असती.

शहर संपता संपेना. संपलं असं वाटलं की पुढे पुन्हा प्लॉटिंगची कमान. एका पाटीवर 'निसर्गाच्या कुशीत' असं लिहिलेलं होतं आणि तिच्या आसपास नजर पोचेल तिथवर बाभळीचं एकच झुडूप होतं. मग एकदाची रानं सुरू झाली. मक्याची पानं सुरळी करून उभी होती, पुंगळ्यांसारखी. मला ते बघवेना. आमच्याकडे कुंडीतली तुळस जरा मान टाकते तोच आम्ही तांब्या घेऊन धावतो.

"मेला गं हा," मी म्हटलं.

"मेला नाही, दार लावून बसलाय," मृणाल म्हणाली. "उन्हात पान उघडं ठेवलं तर पाणी उडून जातं. ती तूर बघ."

तुरीची पानं सूर्याकडे कड करून उभी होती. सपाट बाजूवर ऊन पडू नये म्हणून. आपण उन्हात तोंड फिरवतो तसं. इतकी वर्षं मी तुरीची आमटी खाल्ली, पण तूर अशी वागते हे मला कोणी सांगितलं नव्हतं. संध्याकाळी परतताना मी मुद्दाम मक्याकडे बघितलं. पानं उलगडली होती, वारा खात होती. मृणालने माझ्याकडे बघून फक्त भुवई उडवली.

वस्ती

गजराबाई आणि तिचा नवरा साहेबराव यांची वस्ती गावापासून आत, ओढ्याच्या अंगाला आहे. जातीचे धनगर. साहेबरावांच्या वडलांच्या काळात मेंढरं घेऊन गोदाकाठापर्यंत जात, आता दारात मोजकीच उरली आहेत. बाकी हे रान, वरचा तुकडा आणि खालचा तुकडा. वरचा खडकाळ, त्यात मेंढरांपुरतं गवत येतं. खरी माती खालच्या तुकड्यात.

त्या खालच्या तुकड्यात मी पाय ठेवला आणि थबकले. काळ्याभोर मातीवर पांढरी साय धरली होती. कुणी पीठ सांडून गेल्यासारखी. मी बोटाने उचलून जिभेला लावली, सवयीनं.

"थू करा, थू करा," गजराबाई म्हणाली. "माती कामून खाता? भाकरी करते की."

गजराबाई माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान असेल. अंगानं काटक, बोलणं तुटक, आणि हसली की डोळे पार मिटतात. तिची भाकरी टोपल्याएवढी होती आणि भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची ती येसराची आमटी अशी झणझणीत की माझ्या नाकातून पाणी आलं. "कोकणात तिखट नाय खात का?" तिनं विचारलं. मी म्हटलं, खातो, पण त्यात नारळ घालून त्याचा राग घालवतो. तिला ते फार आवडलं. तिनं ते साहेबरावांना दोनदा ऐकवलं.

जेवताना हळूहळू सगळी गोष्ट कळली. घरची दगडी ज्वारी ती सासूपासून राखत आली होती. टणक दाणा, कमी पाण्यावर येणारी. गेल्या रब्बीत खालच्या तुकड्यात पेरली तर उगवलीच नाही. एका कडेला थोडी आली, तिचंच बी धरलं. घरात आता फक्त एका पेरणीपुरतं बी होतं, आणि गावात दुसऱ्या कोणाकडे ती ज्वारी राहिलेली नव्हती.

"यंदा बी नाय उगवली तर संपलं," साहेबराव म्हणाले. "संतोष बोलवायलाच हाय." संतोष त्यांचा मुलगा. शहरात टँकर चालवतो, नव्या कॉलन्यांना पाणी घालतो. एका बांधकामावर आईबापासाठी राखणदारीची जागा त्यानं बघून ठेवली होती. मालकाला दसऱ्यापर्यंत उत्तर हवं होतं. "तिथं पत्र्याची खोली देत्यात. मेंढरं इकायची अन् जायचं. मी तर म्हनतो, कामून बी वाया घालवायचं? दळून खाऊ."

गजराबाईनं ताटातली भाकरी अर्धीच ठेवून दिली.

मृणालनं बोअरच्या पाण्यात मीठ मोजायचा मीटर बुडवला, मग माती पाण्यात कालवून त्यात बुडवला, आणि तोंड वाकडं केलं. मी रानाच्या कडेनं फिरले. चारी बाजूंनी बांध भक्कम, कुठे एक फट नाही. ओढ्याच्या बाजूला तर दगड रचून वर माती चोपलेली.

"हा बांध कोणी घातला?"

"मीच," साहेबराव अभिमानानं म्हणाले. "एक थेंब भाइर जाऊ देत नाय मी. पावसाचा नाय अन् बोअरचा नाय."

आणि तिथंच सगळं होतं. दोन वर्षं त्यांनी काटकसरीनं, जपून, थेंब थेंब खारं पाणी त्या रानाला पाजलं. पाणी उडून गेलं, मीठ राहिलं. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात, इथं मीठ साचलं. त्याला बाहेर जायला वाटच नव्हती. दुष्काळातला माणूसच अशी चूक करू जाणे, कारण पाणी राखणं हाच त्याचा धर्म.

मी त्यांना आमच्या खाजणाची गोष्ट सांगितली. खाडीला लागून आमची भातखाचरं आहेत, उधाणानं त्यात खारं पाणी शिरतं. आम्ही पावसाचं पाणी त्यात कोंडून ठेवतो, मीठ विरघळू देतो, आणि ओहोटीला बांध फोडून सगळं खाडीत सोडून देतो. पुन्हा कोंडतो, पुन्हा सोडतो. मगच भात लावतो.

साहेबराव माझ्याकडे असे बघत राहिले जणू मी भरल्या घरातून धान्य उकिरड्यावर फेकायला सांगते आहे.

"ताई," ते शेवटी म्हणाले, "तुमच्याकडं पानी लई हाय."

खोटं नव्हतं ते.

पाऊस

मी चार दिवसांसाठी आलेली, पण निघताना गजराबाईनं राहायला या म्हटलं आणि मी सामान घेऊन वस्तीवर परत आले. मृणाल जाऊन-येऊन होती. दुसऱ्याच दिवशी दुपारी ओढ्यापलीकडून आभाळ काळं झालं आणि परतीच्या पावसानं असा दणका दिला की मेंढरं घरात घ्यावी लागली. कोकणात याला आम्ही सर म्हणतो आणि छत्री शोधतो. इथं गजराबाई अंगणात उभी राहून भिजली, आणि साहेबराव फावडं घेऊन खालच्या रानाकडे पळाले. बांध बघायला.

मृणाल तेव्हा आलेलीच होती, आम्ही तिघीही गेलो. काळ्या मातीनं पहिल्याच पावलाला माझी चप्पल गिळली, ती अजून तिथंच असेल. रानात घोट्याएवढं पाणी साचलेलं आणि वरची पांढरी साय दिसेनाशी झालेली. साहेबराव बांधावर फावड्यानं माती चोपत होते.

मृणाल म्हणाली, "मामा, मीठ आता पाण्यात उतरलंय. थोडा वेळ मुरू द्या, मग वरचं सोडा. खाली ओलीला लागेल तेवढं काळी माती धरतेच."

"पानी सोडू?" साहेबरावांचा आवाज चढला. "दोन वर्सांनी आलंय, अन् सोडू?"

"वरचं फक्त. कोंब फुटायला वरची चार बोटंच स्वच्छ लागतात. ज्वारी कोवळी असते तेव्हा मिठाला भिते. एकदा तिला चार पानं आली की तिची ती बघून घेते."

"अन् नाय उगवलं तर? ओल बी गेली अन् बी बी गेलं."

मृणालला खोटी हमी देता येत नाही, हा तिचा जुना दोष आहे. "एका पावसानं रान सुधारत नाही," एवढंच ती म्हणाली. मी तिला कोपर मारलं.

आम्ही बांधावर भिजत उभे राहिलो. पाऊस थांबला, पाणी निवळलं. मग गजराबाईनं नवऱ्याच्या हातातलं फावडं घेतलं. भांडण नाही, काही नाही. ओढ्याकडच्या बाजूला उतरली आणि त्यांनी रचलेले दगड एकेक काढायला लागली. साहेबराव पाठ फिरवून उभे राहिले. पाणी आधी बारीक, मग भदाभदा ओढ्यात जायला लागलं, आणि तो आवाज ऐकून त्यांनी कानावर हात ठेवला. मी कितीदा खाडीत पाणी सोडलंय, पण पाणी जाताना माणसाला इतकं दुखतं हे मी त्या दिवशी पाहिलं.

मृणालनं वाहत्या पाण्यात मीटर धरला आणि मला आकडा दाखवला. बोअरपेक्षा खारट होतं ते. मीठ निघालं होतं.

घट

काळ्या रानात पाऊस पडला की लगेच पेरता येत नाही, वाफसा यावा लागतो. माती पायाला चिकटायची थांबेपर्यंत थांबायचं. तेवढ्यात घट बसायचा दिवस आला.

आमच्याकडेही घट बसतात, पण इकडे त्यात शेतकऱ्याचा जीव असतो. पत्रावळीवर माती पसरायची, तिच्यात धान्य पेरायचं, मधे पाण्याचा घट, आणि रोज एक माळ. कोंब उंच आले की रान पिकणार. सकाळी साहेबराव टोपलं घेऊन निघाले. मी विचारलं, कुठं? तर म्हणाले, वरच्या आळीच्या मळ्यात, घटाची माती आणायला. दरवर्षी तिथूनच आणतात. विहिरीवरचा मळा, माती लोण्यासारखी.

"म्हणजे गेल्या वर्षी घट चांगला आला होता?" मृणालनं विचारलं.

"हा एवढाला," गजराबाईनं वीतभर हात दाखवला. "म्हनून तर पेरलं."

मृणालनं टोपल्याकडे बघितलं, मग खालच्या रानाकडे. मी तिची मावशी, मला तिचं बघणं कळतं. गजराबाईलाही कळलं असावं. तिनं साहेबरावांच्या हातातलं टोपलं घेतलं.

"यंदा आपल्याच रानातली."

"त्या खालच्या? अन् घट बोडका राह्यला मंग? देवीपुढं बोडका घट?"

"राहू द्या. दरसाल दुसऱ्याची माती घालून देवीला इचारतो, आमचं रान पिकंल का. ती तरी काय सांगंल?"

साहेबराव बसून राहिले. ती एकटी गेली आणि मधल्या भागातली माती घेऊन आली. मृणालनं सांगितल्याप्रमाणे ज्वारीचं बी आधी साध्या पाण्यात भिजवून सावलीत सुकवलेलं होतं. आधी थोडी तहान दाखवली की पुढे ते बी तहान सोसतं म्हणे. त्यातलं पसाभर तिनं घटाला घेतलं. बाकीचं डब्यात.

पहिल्या माळेला काही नाही. दुसरीला नाही. शेजारणी हळदीकुंकवाला येत, घटाकडे बघत आणि विषय बदलत. एकीच्या घरी गहू बोटभर आला होता, ते तिनं सांगून टाकलंच. मला माझ्या खाजणाची गोष्ट सांगितल्याचा पश्चात्ताप व्हायला लागला. आपलं शहाणपण आपल्या गावात ठेवावं, असं वाटलं. तिसऱ्या माळेला गजराबाई घटापुढे बराच वेळ बसली होती.

चौथ्या माळेला मी सकाळी उठले तर साहेबराव देवापुढे उकिडवे बसलेले. आवाज न करता मी मागे जाऊन उभी राहिले. मातीला भेगा पडल्या होत्या, आणि प्रत्येक भेगेत सुईएवढं हिरवट पांढरं टोक. उंच नाही. शेजारणीच्या गव्हापुढे अगदीच बापुडवाणं. पण सगळीकडे होतं. मी रडले, स्वच्छ सांगते, आणि मला रडताना बघून गजराबाई हसायला लागली.

साहेबराव उठले, बाहेर अंगणात गेले आणि फोन लावला. दारातून सगळं ऐकू येत होतं.

"संत्या, त्या मालकाला सांग, दुसरा मानूस बघ. व्हय. नाय, आजारी नाय कुनी. अन् तू रजा काढून ये. तिफन धराया मानूस पायजे."

पेरणी

संतोष आला तो टँकरच्या कंपनीची टोपी घालूनच. बैलं शेजाऱ्याची, तिफण घरची. तिफणीच्या बी सोडायच्या चाड्यावर मूठ धरायची ती बाईनं, असा त्यांच्या घरचा रिवाज. गजराबाईनं सगळा डबा ओटीत रिकामा केला आणि मागे चालायला लागली. मूठ सैल नाही, आवळलेली नाही, दाणे बोटांतून एकसारखे सुटत होते. मी बांधावर बसले होते. ओढ्याकडची फट अजून उघडीच होती, ती कोणी बुजवली नव्हती.

पेरणीच्या शेवटच्या ओळीला ती बांधाशी आली आणि पदर झटकला. एक दाणा पडला नाही.

"नांगे भरायला नाही ठेवलंस?" मी विचारलं. कुठे उगवलं नाही तर पुन्हा टोबायला मूठभर बी सगळेच ठेवतात.

"नाय."

"अगं, एवढी एकच पेरणी होती."

"मागं ठिवलं की हात आखडतो, ताई," ती म्हणाली. "आखडत्या हातानं पेरलं तर कसं उगवंल?"

मला तिची भीती वाटली, आणि हेवाही वाटला.

परत येऊन महिना होत आला. आमचं भात कापून झालं. परवा गजराबाईचा फोन आला. आधी तिनं माझी चप्पल सापडली नाही हे सांगितलं, मग मेंढी व्याल्याचं, मग मृणालच्या लग्नाचं काय म्हणून विचारलं. मी दम धरून ऐकत होते.

"अन् जवारी?" शेवटी मीच विचारलं.

"हाय की. गुडघ्याला आली. दुपारी पानं मिटतीया, सांजंला उलगडतीया. खालचा कोपरा तेवढा बोडका हाय."

मी म्हटलं, नांगे भरायला बी असतं तर.

"बी असून तरी काय करंल? तिथं मीठच लई हाय. आमचे मालक तिथंच असत्यात रोज. ओढ्यापोतर चर खांदायला लागलेत." मग आवाज उतरवून, साहेबरावांना ऐकू जाऊ नये अशा बेतानं तिनं सांगितलं, "पुढल्या पावसाची वाट बघून राह्यलेत. पानी सोडून द्यायला."